डांबरी आडवी गेली

आमची खानावळ एका काळ्या मांजरीच्या जिवावर चालायची असं मी सांगते तेव्हा माझी मुलं हसतात. हसू देत. त्यांनी डांबरीला पाहिलेलं नाही. रामनगरचा बाजार मागे पडला की बेळगावहून गोव्याला जाणारा रस्ता जंगलात शिरतो, तिथे रस्त्याला अगदी लागून आमचं कौलारू घर होतं. पुढच्या पडवीत बाकं टाकून अप्पांनी खानावळ काढली होती आणि मागच्या निम्म्या घरात आम्ही राहायचो. पुढची बाजू सगळ्या जगाची, मागची आमची, आणि मधे एक दार. त्या दारातून दिवसभर उसळीचा, तांदळाच्या भाकरीचा, तळलेल्या मिरचीचा वास बाहेर जायचा आणि बाहेरून डिझेलचा वास आत यायचा. अजूनही कुठे ट्रक सुरू होताना तो वास आला की मला भूक लागते. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, यावर औषध नाही.

डांबरी आमच्याकडे आली ती रस्त्याचं डांबरीकरण चालू होतं तेव्हा. मजुरांनी रिकामी पिंपं फणसाखाली लोळवून ठेवली होती आणि त्यातल्या एका पिंपाच्या आडोशाला ती ओरडत बसलेली आईला दिसली. मुठीएवढं पिल्लू. आईला वाटलं, बिचारी डांबरात पडली. तिने चुलीवर पाणी तापवलं, शिकेकाई उकळली आणि पिल्लाला मानेला धरून खसाखसा धुतलं. एकदा धुतलं, परत धुतलं, शेवटी खोबरेल लावून पाहिलं. रंग काही सुटेना. पिल्लू बोचकारत होतं आणि आई त्याला समजावत होती, जरा कळ काढ, निघेल. अप्पा बाहेरून आले, त्यांनी हा सोहळा पाहिला आणि म्हणाले, अगं, ती मुळातच तशी आहे. मग आई हात पुसत उठली आणि पिल्लाला दूध घातलं. नाव ठेवायचा प्रश्नच उरला नव्हता.

आता धंद्याचं सांगते. पहाटेचं उजाडलं की गोव्याहून मासळीचा टेंपो घाट चढून यायचा आणि आमच्या समोर रस्त्यापलीकडच्या फणसाखाली थांबायचा. टेंपोवाला बर्फ झटकता झटकता एखादं-दुसरं तारलं खाली टाकायचा. डांबरीला त्याचा हॉर्न दुरून ओळखू यायचा. ती चुलीजवळून उठायची, अंग ताणायची आणि डावं-उजवं न बघता रुबाबात रस्ता ओलांडायची. नेमक्या त्याच वेळेला बेळगावकडून भाजीचे आणि मालाचे ट्रक घाट उतरायला आलेले असायचे. पुढे अनमोडचा घाट, वळणं अशी की भले भले ड्रायव्हर देवाचं नाव घेत उतरायचे, आणि ऐन तोंडाशी काळं मांजर आडवं! करकचून ब्रेक लागायचा. पहिला थांबला की मागचाही थांबायचा, कारण मांजर आडवं गेल्यावर पहिल्यांदा पुढे कोण जाणार? ज्याच्या त्याच्या घरी बायकापोरं. अशी रांग लागली की अप्पा किटली घेऊन निघायचे. थांबलाच आहात तर चहा घ्या, म्हणायचे. चहाबरोबर भजी आली, भज्यांबरोबर उसळ आली, आणि मांजरीचा दोष उतरेपर्यंत बाकं भरून जायची. तोवर खालून वर एखादी गाडी जायची, रस्ता मोकळा झाला असं सर्वानुमते ठरायचं आणि सगळे पोटभर खाऊन पुढे निघायचे. शकुनाचं शास्त्र कुणी लिहिलं मला माहीत नाही, पण त्याची खानावळ असावी.

घरात डांबरीचं एकाच माणसाशी वाकडं होतं, ते म्हणजे काशीआत्तीशी. काशीआत्ती अप्पांची थोरली बहीण. खानापूरकडच्या एका गावात तिला दिली होती. ऐन तरुणपणी नवरा गेला आणि ती भावाकडे परत आली ती कायमची. खानावळीचा सगळा स्वयंपाक तिच्या हातचा. बुटकी, हाडं चिवट, केस पार पांढरे आणि मागे सुपारीएवढा अंबाडा. पाल कुठल्या भिंतीवर चुकचुकली, शिंक कुणाला आणि कशावरून आली, कावळा कुठल्या कौलावर बसला, सगळ्याचा अर्थ तिला पाठ. डांबरीला ती अवदसा म्हणायची. सकाळी उठल्याबरोबर हिचं तोंड दिसू नये म्हणून डोळ्यांवर पदर धरून चुलीपर्यंत जायची. डांबरी मात्र आधीच चुलीच्या उबेला वेटोळं करून बसलेली असायची, त्यामुळे आत्तीचा पहिला पाय रोज तिच्याच शेपटीवर पडायचा. मग दोघी एकमेकींना जे बोलायच्या त्याने आम्हाला जाग यायची.

आत्तीची आणखी एक रीत होती. बाहेर ट्रक निघायची वेळ झाली, इंजिन सुरू झालं की हातातलं काम टाकून ती मधल्या दाराच्या मागे उभी राहायची. ट्रक गेला की बाहेर येऊन पुन्हा भाकरी थापायला बसायची. मी परीक्षेला निघाले तरी ती दाराआडूनच म्हणायची, जा बाळ, नीट लिही. पुष्कळ दिवस मला वाटायचं की तिला धुराचा त्रास होतो. तिला तिथे उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं, अप्पांनी तर नाहीच. निघणाऱ्या माणसाला विधवा समोर येऊ नये, हे ती सासरहून शिकून आली होती आणि पाल-शिंकेइतकंच ते तिने मनात घट्ट बांधून ठेवलं होतं. मला ते कळलं तेव्हा मी आठवी-नववीत असेन. कळल्यावर मला तिचा रागच आला, आणि तो राग कुणावर काढायचा ते समजेना.

परवा माझ्या नातीचा बेंगळुरूहून फोन आला. ती नोकरी सांभाळून एका प्राण्यांच्या निवाऱ्यात जाते. म्हणाली, आजी, या महिन्यात आम्ही काळी मांजरं कुणालाच देत नाही, हॅलोविन येतोय ना, लोक काहीबाही करायला नेतात. हॅलोविन म्हणजे काय ते तिने मला समजावून सांगितलं. भोपळे कोरतात, भुतांचे कपडे घालतात, वगैरे. मी म्हटलं, अगं, आमच्याकडे ते दिवाळीच्या अवसेला होतं, फक्त भोपळे खायचे असतात. ती हसली. पण माझ्या डोळ्यांसमोर डांबरी उभी राहिली आणि म्हणून हे सगळं लिहायला बसले.

मी शाळेत होते तेव्हा एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर एक माणूस आमच्याकडे चहाला आला. परगावचा, इस्त्रीचा शर्ट, स्कूटर. गोड बोलणारा. चहा पिता पिता डांबरीकडे बघत होता. मग त्याने अप्पांना विचारलं, आमच्याकडे उंदीर फार झालेत, ही मांजर द्याल का? अप्पांच्या तोंडी नाही हा शब्द नव्हता. आमची शिडी, आमचं जातं, आमची खिल्लारी जोडी, सगळं गावात फिरत असायचं. शिवाय आमच्या भागात मांजर मागणं म्हणजे विरजण मागण्यासारखं, कुणी कुणाला नाही म्हणत नाही. अप्पा म्हणाले, न्या की. तो म्हणाला, आज नको, चतुर्दशीला सकाळी येतो. आणि उठता उठता डांबरीला उचलून, पालथी-उताणी करून, पोटावरचे केस फुंकून बघून तो निघून गेला.

दाराआड आत्ती उभी होती. ती स्वयंपाकघरात येऊन मटकन खाली बसली. आईने विचारलं, काय झालं? आत्ती म्हणाली, उंदरांसाठी मांजर नेणारा माणूस तिचे दात बघतो, पोटावरचे केस बघत नाही. चतुर्दशीला नेणार म्हणजे दुसऱ्या दिवशी अवस. कुणीतरी देवऋषी गुप्तधनासाठी काळं जनावर मागतो, निखळ काळं, एकही पांढरा केस नसलेलं. तिच्या सासरच्या गावात अशी कोंबडी जायची, एकदा एक करडू गेलं, आणि गेलेलं काही परत आलं नाही. आम्ही सगळे डांबरीकडे बघायला लागलो. ती मात्र आत्तीच्या पदराचं टोक पंजाने ओढत बसली होती.

अप्पा इतके कष्टी झालेले मी क्वचितच पाहिले. आई म्हणाली, सांगा की मांजर पळाली. अप्पा म्हणाले, ती बाकावर झोपलेली असणार आणि मी पळाली म्हणून सांगू? रस्त्यावरचा धंदा शब्दावर चालतो. एकदा दिलेला शब्द मोडला की ड्रायव्हर लोक ताटातली भाकरीसुद्धा उलटून बघतात. मग लपवायचं ठरलं. मी डांबरीला भाताच्या कणगीमागे कोंडलं. तिने असा टाहो फोडला की पडवीतली गिऱ्हाइकं ताटावरून उठून विचारायला आली, आत बाळंतीण आहे का?

तेव्हा आत्तीनेच दुसरी वाट काढली. एक पांढरा केस निघाला तर त्यांच्या दृष्टीने मांजर फुकट. शोधा. त्या दुपारी आमच्या पडवीत जो शोध चालला तो विसरणं शक्य नाही. बसाण्णा म्हणून आमचा एक नेहमीचा ड्रायव्हर होता, धारवाडकडचा, मिशा झुबकेदार आणि स्वभावाने महाभित्रा. ट्रकला लिंबू-मिरची, काळी बाहुली, जुनी चप्पल, सगळं टांगलेलं. डांबरी आडवी गेली की सगळ्यांत जास्त वेळ थांबायचा तो बसाण्णा. पण तिच्यावर काय वेळ आली आहे ते ऐकल्यावर त्याने चष्मा लावला, मनातल्या मनात मारुतीचं नाव घेतलं आणि डांबरीला मांडीवर घेतलं. मी शेपटी धरली, आईने पाय, अप्पांनी आरसा धरून कवडसा पाडला. कानामागे बघितलं, बोटांच्या बेचक्यांत बघितलं. डांबरीला हे लाड फार आवडले. ती घुरघुरत उताणी पडून राहिली आणि अंगावर एकसुद्धा पांढरा केस निघाला नाही. बसाण्णा हताश होऊन म्हणाला, कंपनीने एवढा पक्का रंग माझ्या ट्रकला दिला नाही.

मी मग अक्कल लढवली. पाडव्याला आमच्याकडे गाईंना पांढऱ्या मातीचे आणि तांबड्या कावेचे ठिपके देतात. मी तांदळाचं पीठ कालवून वाटीच्या काठाने डांबरीच्या पाठीवर गोल गोल ठसे उठवले. फार देखणी दिसत होती. मी कौतुकाने आईला बोलावून आणेपर्यंत तिने निम्मे ठसे चाटून टाकले होते आणि उरलेले चाटायला सोपे जावेत म्हणून आत्तीच्या उशीवर जाऊन बसली होती. आत्ती त्या दिवशी तिला अवदसा म्हणाली नाही. नुसती बघत राहिली.

चतुर्दशी उजाडली. उटणं लागलं, आंघोळी झाल्या, अप्पांनी तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं. आत्तीने दुधातले पोहे, गुळातले पोहे, ताकातले पोहे असे सगळे करून ठेवले आणि विळीपाशी बसली. मला वाटलं नारळ खोवते आहे. तिने अंबाडा सोडला, एक बट पुढे घेतली आणि विळीच्या पात्यावर चिमूटभर केस कापले. मग काकवीत बोट बुडवून डांबरीच्या हनुवटीखाली, जिथे तिची जीभ पोचत नाही, तिथे तो झुबका नीट चिकटवला. मी तोंड उघडलं तशी तिने मला डोळ्यांनी दटावलं. जीभ पोचत नव्हती, पण पंजा पोचत होता. म्हणून डांबरीचे दोन्ही पुढचे पाय हातात धरून बसणं भाग होतं. स्वयंपाकघरात धूर, घरात उजेड कमी. न्यायला येणाऱ्या माणसाला तर केस दिसायला हवा. आत्ती मांजर घेऊन उठली, मधल्या दाराशी आली आणि क्षणभर थांबली. त्या दाराची तिची बाजू आणि जगाची बाजू मला तेव्हा पहिल्यांदा इतकी स्वच्छ दिसली. मग ती बाहेर गेली आणि पडवीतल्या पुढच्या बाकावर, रस्त्याकडे तोंड करून बसली.

सणाचा दिवस, पण गाड्या होत्याच. बसाण्णाला भाजी उतरवून पाडव्याला गावी पोचायचं होतं. पोहे खाऊन, हात धुऊन तो निघाला आणि त्याच्या ट्रकच्या नेमकं समोर आत्ती, तिच्या मांडीवर डांबरी. आत्तीच्या अंगात जुनी सवय उसळली असावी. ती अर्धवट उठली. उठली तर डांबरीचे पाय सुटणार, हे माझ्या लक्षात आलं. बसाण्णाने आधी मांजरीकडे बघितलं, मग आत्तीकडे. त्याचाही चेहरा उतरला होता, खोटं कशाला सांगू. त्याने मिशीवरून हात फिरवला.

“बसा वो आत्ती,” शेवटी तो म्हणाला. “तुमच्या हातचं खाऊनच मी घाट उतरतो न्हवं रोज? हातचं चालतंय आणि तोंड चालत न्हाई, असं कसं हुईल?”

आत्ती खाली बसली. बसाण्णाने दोघींना मिळून एक नमस्कार केला आणि कुणाची वाट न बघता गाडी काढली. ट्रक वळणाआड जाईपर्यंत आत्ती त्याच्याकडे बघत होती. आमच्या दारातून निघालेला ट्रक वळणापर्यंत जाताना तिने त्याआधी कधी बघितलाच नव्हता.

थोड्या वेळाने तो स्कूटरवाला आला. बरोबर झाकणाची करंडी. अप्पा खांबाला धरून उभे होते. आत्तीने डांबरीची हनुवटी वर केली आणि म्हणाली, “हे बघून घ्या आधी. पांढरा केस हाय.” त्याने वाकून बघितलं. मग केस ओढून बघायला हात पुढे केला, आणि इतका वेळ पाय धरून ठेवल्याने आधीच पिसाळलेल्या डांबरीने त्याच्या मनगटावर अशी लांबलचक रेघ ओढली की तो दोन हात मागे सरला. रुमाल गुंडाळत पुटपुटला, मला अगदी काळीच हवी होती.

“न्या की,” आत्ती म्हणाली. “उंदरास्नी रंग कळतोय व्हय?”

त्याने आमच्याकडे, करंडीकडे, बाकावरच्या लोकांकडे बघितलं आणि चहासुद्धा न घेता गेला. अप्पा खांब सोडून खाली बसले. मी शब्द पाळला, म्हणाले, न्यायला आले, त्यांनीच नेली नाही. आणि आत्ती हसायला लागली. मी तिला गालातल्या गालात हसताना पाहिलं होतं, असं मोठ्याने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसताना कधी नाही. हसता हसता तिने मला सांगितलं की ती खोटं एक अक्षर बोललेली नाही. केस पांढरा आहे म्हणाली, कुणाचा ते त्याने विचारलं नाही. मग उरलेल्या उटण्याने आणि कढत पाण्याने तिने डांबरीच्या गळ्याची काकवी धुऊन काढली. डांबरीला अभ्यंगस्नान घडलं ते असं.

बसाण्णा पाडव्याला दुपारी वर आला तो हॉर्न वाजवतच. भाजीला चांगला भाव मिळाला होता, घाटात एक पंक्चरसुद्धा झालं नव्हतं. हे त्याने पुढे प्रत्येक ड्रायव्हरला सांगितलं आणि ड्रायव्हर लोकांचं तुम्हाला ठाऊक आहे. काही दिवसांत ट्रक आमच्याकडे थांबायचे आणि विचारायचे, आत्ती कुठे आहे? तिला आणि डांबरीला बघितल्याशिवाय घाट उतरायचा नाही अशी रीतच पडली. हीसुद्धा अंधश्रद्धाच, मला कळतं. मी पुढे जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. पण एक दार बंद करणारी अंधश्रद्धा आणि एक उघडणारी, यांत निवड करायची झाली तर मी कुठे उभी राहीन ते मला माहीत आहे. आत्तीचं पालीवरचं मत शेवटपर्यंत बदललं नाही, शिंकेवरचंही नाही. फक्त ती दाराआड उभी राहीनाशी झाली, आणि धंदा वाढला.

मला शिक्षिकेच्या कोर्सला बेळगावला जायचं ठरलं तेव्हा डांबरी पोक्त झाली होती. घरातून बाहेर पडणारी मी पहिलीच. आईने दह्याची कवडी हातावर घातली, अप्पांनी ट्रंक बसवर चढवली. बस निघायला आली तरी आत्तीचा पत्ता नव्हता. मी आत पळत गेले. ती मधल्या दाराच्या मागे उभी होती. ड्रायव्हर लोकांचं वेगळं, म्हणाली, तू पहिल्यांदा शिकायला निघालीस, उगाच कशाला. मला रडू आलं आणि संतापही आला. मी म्हटलं, तू समोर आली नाहीस तर मी जात नाही, बस जाऊ दे. बाहेर हॉर्न वाजत होता. मी कणगीला टेकून फतकल मारली.

आत्तीने माझ्याकडे बघितलं, मग चुलीपाशी जाऊन डांबरीला काखेत मारलं आणि तरातरा बाहेर पडली. मी मागे धावले. सगळी बस खिडक्यांतून बघत असताना ती बुटकी बाई काळं मांजर घेऊन रस्त्यावर उतरली आणि बसच्या तोंडासमोरून, या कडेपासून त्या कडेपर्यंत, सावकाश चालत गेली. फणसाखाली पोचल्यावर वळली. कंडक्टर डोक्याला हात लावून उभा होता.

“जा आता,” ती पलीकडून म्हणाली. “आडवी गेली हाय मी.”